बर्फाखालच्या समुद्राचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने गुरू-शनीच्या उपग्रहांवर लेख लिहावा, हे विज्ञान शाखेतील मित्रमैत्रिणींना आगाऊपणाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु येथे ज्या विषयावर लिहावयाचे आहे तो जितका खगोलशास्त्राचा, तितकाच हिशेबाचा आहे. विज्ञानकथेसाठी किंवा खेळासाठी एखादे बर्फाळ जग कल्पावयाचे, त्याच्या पोटात एक झाकलेला समुद्र ठेवावयाचा, आणि ते जग खेळणाऱ्याला खरे वाटले पाहिजे अशी अट घालून घ्यावयाची. ही अट कशी पाळता येते ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम खरी जगे पाहू. गुरूचा युरोपा हा उपग्रह गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून पाहिला. त्याला तो प्रकाशाचा एक ठिपका दिसला. १९७९ साली व्हॉयेजर याने गुरूजवळून गेली तेव्हा युरोपाचा पृष्ठभाग गुळगुळीत, रेघारेघांनी भरलेला आणि जवळजवळ खड्डे नसलेला दिसला. खड्डे नाहीत याचा अर्थ जुने खड्डे कशाने तरी पुसले गेले असले पाहिजेत. पुढे गॅलिलिओ नावाचेच यान १९९५ ते २००३ या काळात गुरूभोवती फिरले. युरोपाजवळ गुरूचे चुंबकीय क्षेत्र ज्या रीतीने बदलते त्यावरून, आत वीज वाहून नेणारा एखादा थर असावा असे अनुमान निघाले. खारे पाणी वीज वाहून नेते. आज असे मानतात की सुमारे ३,१२० कि.मी. व्यासाच्या या गोळ्यात, बर्फाच्या कवचाखाली, पृथ्वीवरील सर्व समुद्रांच्या मिळून दुप्पट पाणी आहे.

शनीचा एन्सेलॅडस त्याहून चिमुकला. व्यास अवघा ५०४ कि.मी., म्हणजे त्याचे सारे पृष्ठफळ महाराष्ट्राच्या अडीचपटीहून थोडेसेच अधिक. एवढासा गोळा केव्हाच थिजून दगड झाला असेल असे कुणालाही वाटावे. परंतु २००५ साली कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरील भेगांतून पाण्याची वाफ आणि हिमकण यांचे फवारे अवकाशात उडताना दिसले. यान त्या फवाऱ्यांतून आरपार गेले आणि तेथील द्रव्ये तपासून आले. त्यांत मीठ निघाले, सिलिकाचे कण निघाले. २०१७ साली हायड्रोजन वायू असल्याचे जाहीर झाले, २०२३ साली फॉस्फेट. समुद्राने स्वतःच आपला नमुना दाराबाहेर आणून ठेवावा, असा हा प्रकार आहे.

आता खेळाविषयी दोन शब्द. आमच्या वसतिगृहात सुटीच्या दिवशी एक खेळ चालतो. त्याला संगणक लागत नाही. एक वही, दोन फासे आणि चार-पाच जणी पुरतात. एक जण सूत्रधार होते व जगाचे वर्णन करते. बाकीच्या त्या जगात उतरलेल्या मोहिमेतील माणसे होतात आणि ‘आता आम्ही असे करतो’ म्हणून सांगतात. ते साधले की फसले, हे काही फाशांवर आणि काही सूत्रधाराने आधी ठरवलेल्या नियमांवर अवलंबून. खेळ मराठीत सुरू होतो, रंगात आला की निम्मा कन्नडमध्ये जातो. मी इचोड्याची, घरी मराठी आणि बाजारात तेलुगू. कन्नड मी येथे येऊन शिकले, आणि त्यातले पहिले शंभर शब्द या खेळातले आहेत. बर्फाला कन्नडमध्ये ‘मंजुगड्डे’ म्हणतात हे कळले तेव्हा मला तेलुगूतले ‘मंचुगड्ड’ आठवले, आणि कोबीचा गड्डाही!

जग रचताना सूत्रधाराला मोह होतो तो वाटेल ते घालण्याचा. बर्फाखाली चमकणारी नगरे, दोनशे हात लांबीचे जलचर, सारे काही. पहिल्या दिवशी मौज वाटते. तिसऱ्या दिवशी खेळणाऱ्यांच्या ध्यानात येते की येथे काहीही घडू शकते, म्हणून काहीच महत्त्वाचे नाही. मराठीत ही शिस्त नवी नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने (आपलीच आद्याक्षरे उलटी करून), आणि पहिले बक्षीस मिळवले. त्यांच्या कथांत एखादी अचाट कल्पना असते, पण ती एकदा मान्य केली की पुढचा हिशेब चोख असतो. खेळासाठी जग रचणाऱ्याने हेच करावे असे मला वाटते.

या हिशेबाचे मुख्य खाते उष्णतेचे. समुद्र पातळ राहावयाचा तर आतून उष्णता येत राहिली पाहिजे, कारण बर्फातून ती सतत बाहेर निसटत असते. जमेच्या बाजूला दोनच मोठ्या रकमा. पहिली म्हणजे खडकातील युरेनियम, थोरियम, पोटॅशियम अशा किरणोत्सारी द्रव्यांची. ही जुन्या ठेवीसारखी आहे. मिळत राहते, पण अब्जावधी वर्षांत आटत जाते. दुसरी भरती-ओहोटीची, म्हणजे चालू धंद्याची. खर्चाच्या बाजूला एकच बाब : बर्फातून होणारी गळती. बर्फ जाड तर गळती कमी, पातळ तर जास्त. म्हणून जमा वाढली की बर्फ तळाकडून वितळून पातळ होतो, जमा घटली की जाड होतो, आणि कोठेतरी दोन्ही बाजू जुळतात. ज्या जाडीला जुळतात ती त्या जगाच्या छपराची जाडी. ती आपण मनाने ठरवावयाची नसते, ती हिशेबातून निघते.

यासाठी एक सोपे सूत्र आहे. पृष्ठभागावर उणे १७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान धरले, तर दर चौरस मीटरमधून बाहेर पडणारी उष्णता मिलिवॅटमध्ये घ्या, बर्फाची जाडी किलोमीटरमध्ये घ्या. दोहोंचा गुणाकार सुमारे ५६० येतो. मिलिवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग. २८ मिलिवॅट असेल तर बर्फ २० कि.मी.; ५६ असेल तर १० कि.मी. बर्फ फार जाड असला तर तळचा उबदार बर्फ लाखो वर्षांत हळूहळू वर सरकू लागतो आणि हा हिशेब थोडा बिघडतो. खेळापुरते त्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते.

आमच्या जगाचे नाव ‘गोठण’. कोकणात गुरे विसाव्याला बसतात त्या जागेला गोठण म्हणतात, आणि गोठणे या क्रियापदाशीही ते जुळते, म्हणून हे नाव सर्वांना पटले. व्यास १,६०० कि.मी.; पृष्ठफळ भारताच्या सुमारे अडीचपट. सरासरी घनता पाण्याच्या २.२ पट धरली. खडकाची घनता ३.२ आणि बर्फ-पाण्याची १ मानली, तर आत ६५३ कि.मी. त्रिज्येचा खडकाचा गाभा बसतो व त्यावर सुमारे १४७ कि.मी. जाडीचे बर्फ-पाण्याचे वेष्टण राहते. हा नुसता त्रैराशिकाचा भाग आहे.

आता ठेवीचे व्याज पाहू. एवढ्या खडकातून आजमितीस मिळणारी किरणोत्सारी उष्णता पृष्ठभागावर वाटली तर दर चौरस मीटरला सुमारे १.९ मिलिवॅट येते. ५६० ला १.९ ने भागा : बर्फाची जाडी २९५ कि.मी. हवी. पण वेष्टण आहे मुळी १४७ कि.मी.चे! अर्थ उघड आहे. नुसत्या व्याजावर राहिले तर गोठण तळापर्यंत थिजून जाईल आणि समुद्र उरणारच नाही. पाण्यात अमोनिया मिसळला तर ते अधिक थंडीतही पातळ राहते हे खरे, पण दरवेळी अमोनियाच्या आड लपणे हे हिशेबनिसाने ‘किरकोळ खर्च’ या सदरात सारे ढकलण्यासारखे आहे.

म्हणून धंदा हवा, म्हणजे भरती-ओहोटी. उपग्रहाची कक्षा किंचित लांबट असली की तो ग्रहाच्या कधी जवळ येतो, कधी दूर जातो. जवळ आला की ताणला जातो, दूर गेला की सैल पडतो. लोखंडी तार पुनःपुन्हा वाकवली तर वाकते त्या जागी बोटाला चटका बसतो. तसेच येथे घडते. परंतु हा धंदा एकट्याने चालत नाही. उष्णता निर्माण होताना कक्षेचा लांबटपणाच खर्ची पडतो, ती गोल होत जाते, आणि गोल झाली की ताण संपला, उष्णता संपली. भागीदार लागतो. गुरूभोवती आयो, युरोपा आणि गॅनिमीड हे तिघे असे भागीदार आहेत : आयोच्या चार फेऱ्यांत युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक. झोपाळ्याला ठरावीक वेळी धक्का मिळत राहावा तसे ते एकमेकांच्या कक्षा लांबट ठेवतात. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तिघांनी १९७९ सालच्या मार्चमध्ये, याच कारणामुळे आयो आतून वितळलेला असावा, असे हिशेबाने छापून टाकले. त्याच महिन्यात व्हॉयेजर–१ ला आयोवर ज्वालामुखी उफाळताना दिसले. कागदावरचा हिशेब आकाशात असा लगोलग खरा ठरल्याची उदाहरणे थोडी असतील. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तर हे वाचून गहिवरूनच यावे.

गोठणलाही म्हणून एक भागीदारीण दिली : गवळण नावाचा उपग्रह. गोठणची फेरी अडीच दिवसांची, गवळणीची पाच दिवसांची. कक्षा वर्तुळापासून फार ढळलेली नाही. विकेंद्रता शेकडा दोन. एवढ्याने दर चौरस मीटरला २६ मिलिवॅट मिळू शकतात. व्याजाचे दोन मिळवले की २८, आणि छप्पर २० कि.मी.चे. त्याखाली १२७ कि.मी. खोल समुद्र. ज्यांना आपले जग वेगळे करावयाचे असेल त्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बाकी सारे तसेच ठेवून फेरीचा काळ दुप्पट केला तर भरतीची उष्णता ३२ पटींनी घटते. उपग्रहाचा व्यास दुप्पट केला तर ती ३२ पटींनी वाढते. कक्षेचा लांबटपणा दुप्पट केला तर चौपट होते. म्हणजे आकड्यातला थोडासा बदल जगाचे जगणे-मरणे ठरवतो. मात्र जग फार मोठेही करू नये. गॅनिमीडसारख्या ५,००० कि.मी.हून मोठ्या गोळ्यात दाब इतका वाढतो की समुद्राच्या तळाशीही पुन्हा बर्फ तयार होतो, जड प्रकारचा, आणि पाणी दोन बर्फांच्या मध्ये सापडते. खडकाशी त्याचा संबंध तुटतो. याचा तोटा काय ते पुढे येईल.

२८ मिलिवॅट म्हणजे किती? इचोड्याला एक एकर कापसाच्या शेतात शंभराच्या आसपास वॅटचा एकच दिवा लावावा, एवढी ही उष्णता. तेवढ्यावर एक समुद्र तग धरून आहे.

पृष्ठभागावर उतरलेल्या माणसाला काय जाणवेल? आदिलाबाद जिल्ह्यात जानेवारीच्या रात्री पारा पाच अंशांच्या घरात उतरतो आणि आम्हांला तेच हुडहुडी भरवायला पुरते. तेथे उणे १७०. अशा थंडीत बर्फ बर्फासारखा वागत नाही, तो दगडासारखा कठीण होतो. घसरत नाही, ओला होत नाही. गुरूच्या अंतरावर सूर्याचा प्रकाश पृथ्वीवरच्या सत्ताविसाव्या हिश्शाएवढा, तरी तो काळोख नव्हे. आपल्याकडे आभाळ भरून आलेल्या दिवसाएवढा उजेड तेथे असेल. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या विसाव्या हिश्शाइतके. आमच्याकडचा कुंतला धबधबा सुमारे ४५ मीटर उंचीचा आहे. तेवढ्या उंचीवरून दगड सोडला तर येथे तीन सेकंदांत खाली पोहोचतो, गोठणवर साडेतेरा सेकंद लागतील. हे वाक्य सूत्रधाराने एकदा सांगितले की खेळणाऱ्यांच्या अंगात ते जग शिरते. उणे १७० हा आकडा तसे करू शकत नाही.

बर्फावर तळ ठोकण्याचा अनुभव आपल्या देशाला नाही असे नाही, आणि तो आपल्या शेजारून, गोव्यातूनच सुरू झाला. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगावहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. नंतर बांधलेले ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले ठाणे बर्फाच्या थरावरच उभे होते. ते हिमात गाडले जाऊ लागले आणि १९९० साली बंद करावे लागले. ‘मैत्री’ हे दुसरे ठाणे म्हणूनच खडकाळ भूमीवर उभारले. आज हे सारे काम वास्को येथील ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रातून चालते. गोठणवर उघडा खडक कोठेच नाही, तेव्हा तळ बर्फावरच ठोकावा लागतो. हवा नाही, त्यामुळे हिमवर्षाव नाही. फक्त भेगांतून फवारा उडतो तेवढ्या भागात बारीक हिम हळूहळू पडत राहते. खेळणाऱ्यांनी हमखास फवाऱ्याजवळ तळ ठोकावा (पाणी फुकट!) आणि पुढे तो गाडला जावा, असा एक नियम आम्ही दक्षिण गंगोत्रीवरूनच घेतला आहे.

आता खाली जावयाचे. आमच्याकडे बोअर मारणे ही नित्याची गोष्ट, तीन-चारशे फुटांवर पाणी लागले नाही की घरात चिंता पसरते. येथे २० कि.मी.चा बोअर हवा. सर्वात सुटसुटीत मार्ग म्हणजे खालच्या टोकाशी तापणारे, बर्फ वितळवत स्वतःच्या वजनाने उतरणारे यंत्र. आम्ही त्याला ‘घूस’ म्हणतो. यंत्राचा आडवा छेद चौरस मीटरचा दहावा भाग, म्हणजे साधारण एखाद्या घमेल्याएवढा घेतला, तर उणे १७० अंशांच्या बर्फाला तापवून वितळवण्यास दर मीटरला सुमारे ५.५ कोटी ज्यूल लागतात. २० कि.मी.ला किती? घरच्या मीटरच्या भाषेत तीन लाख युनिटांहून थोडे अधिक. घुशीत दहा किलोवॅटची भट्टी बसवली तर रात्रंदिवस चालून साडेतीन वर्षे. आमच्या खेळात एक डाव म्हणजे एक महिना, तेव्हा ४२ डाव. आणि वरचे भोक उघडे राहत नाही. घूस पुढे सरकली की मागचे पाणी लगेच गोठते, निरोपाची तार बर्फात पक्की चिणली जाते. परतीची वाट नाही. खेळातला खरा ताण येथून सुरू होतो, आणि तो कुणी राक्षस आणून निर्माण केलेला नाही. भागाकारातून आला आहे.

छपराच्या खालच्या बाजूस दाब सुमारे ९० वातावरणांचा. समुद्राच्या तळाशी, म्हणजे दीडशे किलोमीटर खोल गेल्यावर, तो आपल्या समुद्रात साडेसात किलोमीटर खोलीवर असतो तेवढाच होतो, कारण गुरुत्वाकर्षण अल्प आहे. भारताची ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी ६,००० मीटर खोलीसाठी आखलेली आहे. तीच तेथे नेली तर छपरापासून सुमारे शंभर किलोमीटर खाली जाऊ शकेल, तळ मात्र गाठणार नाही. काळोख संपूर्ण. पाहावयाचे ते आवाजाने. छपराजवळून तळाकडे आवाज सोडला तर प्रतिध्वनी परत यायला पावणेतीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. सूत्रधाराने या वेळी खरोखर घड्याळ लावून गप्प बसावे. अडीच मिनिटांनंतर खोलीत कुणी हसत नाही, हा अनुभव आहे.

आणि येथेच आमच्यात वाद झाला. विजापूरकडची आमची एक मैत्रीण म्हणाली की साडेतीन वर्षे खपून खाली गेल्यावर तेथे काहीतरी भव्य भेटले पाहिजे, निदान देवमाशाएवढे. नाहीतर खेळायचे कशाला? तिचे म्हणणे सर्वस्वी चूक नाही. आर्थर क्लार्कनेही १९८२च्या आपल्या ‘२०१०’ कादंबरीत युरोपावर जीव दाखवले होते. पण दुसरे खाते उघडल्याशिवाय उत्तर देता येत नाही, आणि ते खाते अन्नाचे.

पृथ्वीवर दर चौरस मीटरला सरासरी ३४० वॅट सूर्यप्रकाश येतो. साऱ्या शेतीचे, जंगलांचे आणि माशांचे भांडवल तोच. गोठणच्या पोटातील २८ मिलिवॅट म्हणजे त्याचा बारा हजारावा भाग. बरे, ही उष्णता आहे, अन्न नव्हे; तिच्यातला अगदी थोडा अंश रसायनांच्या रूपाने जिवांच्या कामी येईल. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ समुद्रतळाशी उष्ण झऱ्यांभोवती नळीसारखे किडे, शिंपले यांची दाट वस्ती सापडली, तेव्हा सूर्यावाचून जगणारी सृष्टी मिळाली असा गाजावाजा झाला. त्यातली मेख फारशी सांगितली जात नाही. ते प्राणी झऱ्यातील रसायनांवर पोसलेल्या जीवाणूंवर जगतात हे खरे, पण त्यासाठी लागणारा प्राणवायू समुद्राच्या पाण्यात विरघळलेला असतो, आणि तो वरच्या उजेडातल्या वनस्पतींनीच तयार केलेला असतो. सूर्याशी नाते तुटलेले नाही, फक्त दूरचे झाले आहे.

झाकलेल्या समुद्रात हा प्राणवायू कोठून आणायचा? युरोपावर गुरूच्या भोवतीचे वेगवान कण बर्फावर आदळून पाण्याचे विघटन करतात. जुनो यानाच्या निरीक्षणांवरून २०२४ साली असा अंदाज प्रसिद्ध झाला की त्यातून दर सेकंदाला सुमारे १२ किलो ऑक्सिजन तयार होतो, म्हणजे दिवसाला हजार टन. त्यातला किती खाली समुद्रापर्यंत झिरपतो हा प्रश्न उरतोच. आणि हेच कण वर उभ्या असलेल्या माणसाला एका दिवसात मारक ठरू शकतात. सूत्रधाराला येथे निवड करावी लागते. मारा जबर ठेवला तर समुद्राला प्राणवायू मिळतो पण वरचा तळ बर्फात खोल पुरावा लागतो; मारा सौम्य ठेवला तर माणसे मोकळी फिरतात आणि खालचा समुद्र उपाशी राहतो. दोन्ही बाजूंनी नफा असे जग मला अद्याप जुळवता आलेले नाही.

दुसरी वाट खडकाची. पाणी उष्ण खडकात झिरपले की काही खनिजांशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, आणि हायड्रोजनवर जगणारे जीवाणू पृथ्वीवर आहेत. (गॅनिमीडसारख्या जगात पाण्याचा खडकाशी संबंध तुटतो तो तोटा हाच.) उजेडाविना, खोल खडकात जीव असतात याचा दाखला महाराष्ट्रातही मिळाला आहे. १९६७च्या भूकंपामुळे सर्वांना ठाऊक झालेल्या कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विवरे खणण्यात आली. त्यांतले एक २०१७ साली तीन किलोमीटरपर्यंत पोहोचले. तेथील विवरांतून काढलेल्या, बेसॉल्टच्या खालच्या खडकांच्या नमुन्यांत अभ्यासकांना सूक्ष्मजीवांच्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. सह्याद्रीच्या पायाखाली, जेथे सूर्य कधीच पोहोचला नाही, तेथे कुणीतरी अगदी काटकसरीने संसार करीत आहे. गोठणच्या तळाशी असलाच तर असा संसार असेल : झऱ्यांभोवती बुरशीसारखे पातळ थर, आणि छपराच्या खालच्या बाजूस, जेथे वरून थोडा प्राणवायू झिरपतो, तेथे उलटे लटकलेले काही बारीक जीव. अंटार्क्टिकात रॉस हिमथराच्या खालच्या बाजूस २०१० साली अशी उलटी लटकणारी समुद्रफुले यंत्राच्या कॅमेऱ्याला दिसलीच होती. देवमासा मात्र बसत नाही. एका देवमाशाला जेवढे लागते तेवढ्यात हा सारा प्रांत उपाशी मरेल.

विजापूरच्या मैत्रिणीने हिशेब पाहिला, आकडे दोनदा तपासले, आणि मग जो प्रश्न विचारला त्याने आमचा खेळच बदलला. एवढे दरिद्री, एवढे हळू वाढणारे जीवन असेल, तर आपली घूस खाली जाताना सोबत जे जंतू घेऊन जाईल त्यांचे काय?

हा प्रश्न खऱ्या शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे. अंटार्क्टिकातील व्होस्तोक सरोवर जवळजवळ पावणेचार किलोमीटर बर्फाखाली दडलेले आहे. रशियन पथकाने ५ फेब्रुवारी २०१२ रोजी ३,७६९ मीटरवर ते गाठले, आणि भोक उघडे ठेवण्यासाठी वापरलेल्या रॉकेलमिश्रित द्रवामुळे नमुन्यातले जंतू सरोवरातले की वरून गेलेले, यावर वाद झाले. कॅसिनीचे इंधन संपत आले तेव्हा ते एन्सेलॅडसवर जाऊन आदळू नये म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी मुद्दाम शनीच्या वातावरणात जाळून टाकले. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर हे यान २०३० साली गुरूपाशी पोहोचेल ते युरोपावर उतरणार नाही, जवळून पुनःपुन्हा जाईल.

आमच्या नियमवहीत यासाठी आता एक पान आहे. घूस निघण्यापूर्वी तिला तापवून, धुऊन निर्जंतुक करण्यात खेळणाऱ्यांनी किती डाव घालवायचे ते त्यांनीच ठरवावे. प्रत्येक डावामागे शिधा आणि इंधन खर्च होते, आणि मोहिमेचा शिधा पन्नास डावांचा. त्यातले ४२ उतरण्यात जातात. म्हणजे धुण्यासाठी जास्तीत जास्त आठ. आठही डाव खर्च केले तर घूस स्वच्छ असण्याची शक्यता चांगली, पण वाटेत एक दिवसाचाही खोळंबा परवडत नाही. चार खर्च केले तर फासे टाकावे लागतात. आणि फाशांवर काय पडले ते सूत्रधाराने कुणालाही सांगावयाचे नाही, वहीत लिहून पान दुमडून ठेवावयाचे. खाली जीव सापडले, तर ते तेथले की आपले, हे ते पान उघडेपर्यंत खेळणाऱ्यांना कळत नाही.